मैनेच्या नावापुढचा रकाना

“बस गं समोर माझ्या, वळव तुझी मान
ओठांच्या उंबऱ्याशी, लाव तुझा कान.”

हा आवाज मंदाकिनीबाईंच्या आईचा. सासवडच्या दोन खोल्यांच्या घरात भाकरी थापता थापता ती हे गुणगुणायची, आणि सहा वर्षांची मंदा चुलीपुढे मांडी घालून तिच्या तोंडाकडे टक लावून बसायची. गोवरानं त्या वर्षी मंदेचा डावा कान नेला होता. नेला म्हणजे वरून काही दिसत नव्हतं. पाळी तशीच, पाळीतला डूल तसाच, आतलं दार तेवढं कायमचं लागलेलं. आईनं हे कुणाला सांगितलं नाही. शेजारणींना नाही, सासूला नाही, मंदेच्या वडिलांनासुद्धा नाही. तिनं एवढंच केलं की पाढे असोत, श्लोक असोत, लेकीला समोर बसवून सगळं ओठांवरून शिकवलं, आणि दर वेळी शेवटी तीच ताकीद दिली, “हे तुझ्यामाझ्यात हं मंदे. मुलीची जात. कळलं तर दारात कुणी उभं राहायचं नाही.”

आईला जाऊन तीस वर्षं होत आली होती. त्या दोघींतली एकच उरली होती, तरी गोष्ट अजून तिथल्या तिथंच होती.

दारात तसंही कुणी फारसं उभं राहिलं नाही. एकदा एक स्थळ पाहायला आलं होतं. मुलाची आत्या नेमकी डाव्या हाताला बसली आणि दोन-तीन प्रश्न विचारून गप्प झाली. मंडळी गेल्यावर निरोप आला, मुलगी गर्विष्ठ दिसते. आईनं निरोप ऐकून सुटकेचा श्वास टाकला. गर्विष्ठ म्हणाले ना, मग हरकत नाही. पुढे नोकरीच्या वेळी डॉक्टरांची तपासणी झाली. पन्नास उमेदवार बाहेर ताटकळत होते, डॉक्टर घाईत होते, त्यांनी पाठीमागून जे काही पुटपुटायचं ते उजव्या बाजूनंच पुटपुटलं. कागदावर आलं, श्रवण उत्तम. त्या दोन शब्दांवर मंदाकिनीबाईंनी कसब्यातल्या एका प्राथमिक शाळेत बत्तीस वर्षं काढली. आता निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

शाळेतही त्यांचं नाव गर्विष्ठ असंच पडलं होतं. मागून हाक मारली तर बाई वळून बघत नाहीत. डबा खाताना एका टोकाला भिंतीला डावा खांदा लावून बसतात. प्रेमलाबाई म्हणून एक शिक्षिका होत्या, त्यांनी पहिलं वर्षभर मैत्रीचा फार प्रयत्न केला. जिन्यात, मैदानात, बसथांब्यावर डावीकडून चालत त्या काय काय सांगायच्या. उत्तर येईना, तेव्हा त्याही थांबल्या. मंदाकिनीबाईंना ते थांबणं कळलं. का थांबल्या हेही कळलं. सांगता मात्र आलं नाही. संध्याकाळी नारायण पेठेतल्या खोलीवर येऊन त्या चहा करायच्या, एकाच कपाचा, आणि उजव्या कुशीवर जरा आडव्या व्हायच्या. उजवा कान उशीत गेला की जग बंद. खालचा रस्ता, शेजारचा रेडिओ, जिन्यातली पोरं, काही नाही. एवढ्या मोठ्या गावात इतकं एकटं व्हायला दुसऱ्या कुणाला एवढं सोपं नसेल.

वर्गात उभं राहण्याची त्यांची जागाही अशीच ठरलेली. खुर्चीवर त्या कधी बसल्या नाहीत. फळ्याच्या एका कडेला, भिंतीशी, जिथून सगळा वर्ग आपल्या उजव्या हाताला येतो, तिथं उभ्या राहून त्या शिकवत. इन्स्पेक्टर आले की कौतुक करत, बाई पाय दुखेपर्यंत उभ्या असतात. बाई मान लववत.

त्या सालच्या, म्हणजे त्र्याऐंशीच्या, फेब्रुवारीत वरून एक तक्ता आला. अप्रगत विद्यार्थ्यांची नावं लिहायची आणि प्रत्येकाच्या नावापुढच्या रकान्यात अप्रगतीचं कारण. शनिवारी दुपारपर्यंत हेडमास्तरांच्या टेबलावर.

शिक्षकांच्या खोलीत तक्त्याचं स्वागत जोरात झालं. हिंदुराव गुरुजी हडपसरकडचे, मिशीत हसत बोलायची त्यांना सवय. ते म्हणाले, कारणांचा काय तुटवडा हाय? पहिल्या पाचांना गरिबी लिवा, पुढच्या पाचांना बाप दारू पितो लिवा, ऱ्हायलेल्यांना आई-बाप अडाणी. पुण्यात ही तिन्ही कधी संपत न्हाईत, रकाना भरतोय. सगळे हसले. मंदाकिनीबाईंना ते हसणं दिसलं, तेव्हा त्याही हसल्या.

त्यांच्या तिसरीच्या वर्गात अप्रगत सात. सहांची कारणं लिहून झाली. एकाला गावाकडे शेतीच्या दिवसांत नेत, वर्षातले चार महिने तो नसेच. एकीच्या घरी तेलुगू बोलत. दोघं भाऊ पहाटे पेपर टाकून येत आणि दहाच्या ठोक्याला पेंगायला लागत. एक उपाशी यायचा. एकाला अक्षरंच उलटी दिसत. सातवी मैना. तिच्या नावापुढे बाईंनी पेन्सिलीनं लिहिलं, ‘लक्ष देत नाही.’

मैना दुसऱ्यांदा तिसरीत बसली होती. तिची आई बायडाबाई मार्केट यार्डात भुसाराच्या गाळ्यांवर सांडलेलं धान्य झाडून, पाखडून देण्याचं काम करायची. नवऱ्यानं लोहगावला दुसरं घर केलेलं, त्यामुळे मायलेकी नदीकाठच्या वस्तीत दोघीच. मैना रोज यायची, वेणी घट्ट, पाटी स्वच्छ, अक्षर तर पाहत राहावं असं. फळ्यावरचं उतरवून घेण्यात तिच्यासारखी दुसरी नव्हती. तोंडी काही विचारलं की मात्र उभी राहायची आणि बाईंकडे असं बघायची, जसं काही बाईंनीच काहीतरी विसरून ठेवलंय.

या शाळेत एक रीत होती, आणि ती मंदाकिनीबाईंनीच पाडलेली. दर चाचणीनंतर मुलं गुणांप्रमाणे बसायची. पहिला नंबर पहिल्या पट्टीवर, शेवटचा शेवटी. मुली खिडकीकडे, मुलगे दाराकडे. त्यामुळे दोन वर्षं मैनेची जागा हललेली नव्हती: खिडकीखालची शेवटची पट्टी. खिडकीबाहेर तांबट आळी. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच तिथं हंड्या-घागरींवर हातोड्यांचे ठोके पडत. बत्तीस वर्षांत बाईंना त्या ठोक्यांचा त्रास झाला नाही, कारण त्या भिंतीशी उभ्या असत आणि ठोके वर्गाच्या पार पलीकडे असत.

मग बुधवारी आळीतले एक जुने कारागीर वारले आणि ठोके थांबले. आळी अशी गप्प झाली की वर्गातल्या पोरांनाच चुकल्याचुकल्यासारखं झालं. मंदाकिनीबाईंचा गुडघा त्या दिवशी धरला होता, म्हणून त्या मागे मुलींच्या रांगेच्या शेवटी खिडकीच्या कठड्याला टेकल्या आणि तिथूनच तोंडी गणितं घालू लागल्या. सतरा पेरू, चार मुलं, प्रत्येकी किती, उरले किती.

मैनेचा हात वर गेला.

तिनं बरोबर उत्तर दिलं. पुढच्याचं दिलं. त्याच्या पुढच्याचंही. पहिल्या पट्टीवरची पोरं वळून बघायला लागली. बाईंना वाटलं, योगायोग. त्या हळूहळू चालत नेहमीच्या भिंतीकडे गेल्या आणि तिथून पुढचं गणित घातलं. मैनेनं ते पकडायला मान वळवली. नुसती मान नाही. हनुवटी उजव्या खांद्यावर आणली, डावा कान पुढे केला, आणि नजर बाईंच्या ओठांवर ठेवली.

तो वळसा मंदाकिनीबाईंनी आरशात पाहिला होता. उलटा, दुसऱ्या बाजूचा, पण तोच. बारीक चोरटा वळसा, बघणाऱ्याला वाटावं मूल लाजतंय.

पुढचं गणित त्यांना सुचेना. त्यांनी मुलांना चित्र काढायला सांगितलं आणि मुलं माना खाली घालून बसली, तशा त्या पट्ट्यांमधून फिरल्या. मैनेच्या उजव्या बाजूला उभं राहून त्यांनी हलकेच म्हटलं, मैना. तिची खडूची रेघ चालूच राहिली. त्या डावीकडे आल्या, तेवढ्याच हलक्या आवाजात पुन्हा म्हणाल्या. मैनेनं चटकन वर पाहिलं आणि हसली.

बाईंचा आवाज दोन वर्षं तिच्याकडे उजवीकडून येत होता, तिच्या बंद दारावर. उघड्या कानाला होती खिडकी, आणि खिडकीत तांब्याचे ठोके. सगळ्या वर्गात त्या पोरीसाठी याहून वाईट जागा शोधून सापडली नसती, आणि ती बाईंनी चाचण्या घेऊन घेऊन सापडवली होती. सगळे मिळून पाढे म्हणत, तेव्हा मैनेचे ओठ एका ठोक्यानं मागून चालत. ते बाईंना कधीचं दिसलं होतं. त्यांना वाटायचं, पाठांतर कच्चं.

घरी आल्यावर त्यांनी चहा टाकला आणि तो उतू गेला. ‘लक्ष देत नाही’ खोडायचं हे नक्की होतं. पण तिथं ‘कान’ लिहिलं की हेडमास्तर टेंबे विचारणार, आपल्याला हे दोन वर्षं कसं दिसलं नाही? मग, आपण तिथं भिंतीशी का उभ्या राहता? टेंबे सर कागदाचे माणूस. कुणाच्या सेवापुस्तकात एक ओळ खोटी सापडली तर ते झोपेतून उठून तिच्याखाली लाल रेघ मारतील. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. बाईंना पेन्शनचं जेवढं भय वाटलं, त्याहून जास्त त्या प्रश्नाचं वाटलं. पन्नास वर्षं कुणी तो विचारला नव्हता.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर त्या स्वारगेटला उतरून चालत मार्केट यार्डात गेल्या. तिथला आवाज म्हणजे त्यांच्यासाठी धुकं. ट्रक, हमालांच्या हाका, लिलाव, सगळं एकाच कानातून आत घुसू पाहत होतं आणि कशालाही दिशा नव्हती. बायडाबाई एका गाळ्यापुढे सूप घेऊन ज्वारी पाखडत होती. बाईंना पाहून ती लगबगीनं उठली, आणि तशीच धावत येऊन तिनं त्यांचा दंड धरून खसकन ओढलं. डावीकडून पोतं घेतलेला एक हमाल बाईंच्या पदराला घासत पुढे गेला. तो केव्हाचा ओरडत होता म्हणे.

“ऐकू न्हाय आलं व्हय बाई?”

“लक्ष नव्हतं,” मंदाकिनीबाई म्हणाल्या.

आणि बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं की जवळपास हेच शब्द पेन्सिलीनं लिहून त्यांनी तक्त्यात ठेवलेत.

गाळ्याच्या पायरीवर बसून त्यांनी मैनेचं विचारलं.  सुपातले खडे वेचता वेचता बायडाबाईनं सांगितलं की पोर तान्ही असताना कान वाहायचा, लसणाचं तेल घातलं, पुढं वाहायचा थांबला. उजवा ना? हां, उजवाच. ऐकू कमी येतं हे तिला ठाऊक होतं. कसं नसंल, आई हाय. पण ती घरात मैनेच्या डाव्या बाजूला निजते, डाव्या बाजूनं बोलते, पोरीला काही अडत नाही.

बाईंनी विचारलं, शाळेत का नाही सांगितलं. बायडाबाईनं सूप बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

“ते कागदावर लिवू नका बाई. पाया पडते. ढ लिवा, चालंल. ढ पोरीचं लगीन हुतं. बहिरीचं कोण करतंय?”

मग तिनं हेही सांगून टाकलं की यंदा नापास झाली तर मे महिन्यापासून मैना इथंच येणार. सरांनी मागंच कळवलंय, मंद पोरांची नावं पटावरनं कमी करणार आहेत, निकाल खाली येतो म्हणून. गाळ्याच्या शेठला तिनं विचारून ठेवलं होतं. केरसुणीसुद्धा लहान दांड्याची आणली होती.

मंदाकिनीबाईंना वाटलं, आत्ता सांगावं. जीभ टाळूला लागलीही. पण समोर धुळीनं माखलेला तो चेहरा होता, आणि त्यावर सासवडच्या चुलीपुढचाच धाक होता, तोच, जसाच्या तसा. त्या धाकापुढे बाई पुन्हा सहा वर्षांच्या झाल्या. उद्या सकाळी शाळेत या, एवढंच बोलून त्या उठल्या. परतताना स्वारगेटच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली; उजवा कान खिडकीला, डावा माणसांना. शेजारची बाई काहीतरी विचारत असावी, कारण उतरताना तिनं नाक मुरडलं.

शनिवारी शाळा सकाळची. बाईंनी नंबराची रीत मोडून मैनेला पहिल्या पट्टीवर, दाराकडच्या टोकाला, मुलांच्या रांगेत बसवलं. पोरांत कुजबुज झाली असणार. मुलीला आमच्यात का, म्हणून एकानं तोंड वाकडं केलं, ते दिसलं. शाळा सुटल्यावर बाई तक्ता घेऊन हेडमास्तरांच्या खोलीत गेल्या. बायडाबाई दारात आधीच उभी होती, धुतलेलं लुगडं नेसून, चपला हातात घेऊन.

टेंबे सरांनी तक्ता चष्म्याजवळ नेला. सहा कारणं वाचून झाली. सातव्यापाशी कागद पांढरा होता, आणि खोडलेल्या पेन्सिलीची सावली.

“बाई, मैनेला कारण नाही वाटतं. विनाकारण नापास होते म्हणायची.”

 सर बायडाबाईकडे वळले. घरी अभ्यास घेता का, घेता येत नाही, बरं, पोरीचं लक्ष कुठे असतं. बायडाबाईनं एकदा मंदाकिनीबाईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली. म्हणाली, “डोक्यानंच मंद हाय साहेब. तेवढंच लिवा.”

सरांनी सुस्कारा टाकला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी हळू आवाजात तिला समजावलं की मग नाव कमी करावं लागेल, पोरीचीच सोय आहे, उगाच वर्षं वाया. बायडाबाई हो म्हणत होती, प्रत्येक वाक्याला हो. सरांनी दौतीतून टाक उचलला, रकान्याशी नेला आणि पहिलं अक्षर काढायच्या आधी नेहमीच्या सवयीनं विचारलं, आपली काही हरकत, बाई?

ते डावीकडे बसले होते. प्रश्न ऐकू आला नाही, पण ओठ दिसले.

मंदाकिनीबाई टेबलाला वळसा घालून पलीकडे गेल्या. आता सर आणि बायडाबाई दोघंही उजव्या हाताला आली. टाकाच्या टोकाशी शाई जमत होती. बाईंनी कागद सरांच्या हाताखालून ओढून घेतला, हलकेच, जसा मुलाच्या हातून घेतात.

“मंद नाहीये ती,” त्या म्हणाल्या. “तिचा उजवा कान गेलेला आहे. बायडाबाई, तुम्ही मला काल हात धरून ओढलंत, तेव्हा मी लक्ष नव्हतं म्हणाले. खोटं बोलले.”

बायडाबाईनं तोंडावर पदर धरला. सर टाक तसाच धरून बघत राहिले. बाईंचा आवाज थोडा मोठा झाला, स्वतःलाच नीट ऐकू यावा म्हणून असेल.

“मला डाव्या कानानं ऐकू येत नाही, सर. सहा वर्षांची होते तेव्हापासून. आईशिवाय कुणाला माहीत नव्हतं. सेवापुस्तकातलं खोटं आहे. वर्ग उजवीकडे यावा म्हणून मी त्या भिंतीशी उभी राहते, आणि तिथून बोललेलं या पोरीला पोचत नाही. दोन वर्षं ती मागे राहिली ती माझ्या जागेमुळे. रकान्यात कान लिहा. तिचा लिहा, आणि खाली माझाही.”